खाजणातला घोडा

आईने पिशवीतून दशम्यांची पुरचुंडी बाहेर काढली तेव्हा घोडा आमच्यापासून फार तर वीस पावलांवर उभा होता. ओहोटी लागली होती, खाजणातला काळा चिखल उघडा पडला होता आणि त्या चिखलात गुडघ्यापर्यंत उतरून तो खारे गवत उपटून खात होता. तपकिरी रंग, आयाळीत अडकलेली कुसळे, डाव्या कानाची कड फाटलेली. मांड्यांवर चिखल वाळून त्याचे पापुद्रे सुटले होते आणि बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या. डोळ्यांच्या कडांना माश्या बसत, तो मान झटकत असे, माश्या उडत आणि परत तिथेच येऊन बसत. आई थोडा वेळ नुसती पाहत राहिली. मग तिने पुरचुंडीची गाठ सोडली, गुळाची दशमी अर्धी मोडली आणि हात पुढे करून तोंडाने तो आवाज काढला, जो गोठ्याकडे जाताना ती रोज काढत असे. आमच्या मागून लाकडी वाटेवरून येणारी एक वयस्क स्वयंसेविका चटकन पुढे झाली आणि नरमाईने, पण ठामपणे म्हणाली की इथल्या घोड्यांना काहीही खायला घालायचे नाही. मी मराठीत सांगण्याआधीच आईला ते समजले होते. तिने हात मागे घेतला, तुकडा फडक्यात ठेवला, गाठ मारली आणि पिशवीची चेन ओढली.

त्यानंतर तासभर ती एक शब्द बोलली नाही.

या गोष्टीला आता चार महिने झाले. आई कोकणात, केळशीच्या घरी परतली, पाऊस सरत आला, आणि तरी भाकरीचे पीठ मळताना किंवा गाडी सिग्नलला थांबली असताना मला तो अर्धा पुढे केलेला हात दिसतो. त्या बाईंचे काही चुकले असे मला वाटत नाही. नियम योग्य होता आणि आपण आईला आधीच सांगून ठेवायला हवे होते, हेही खरे. पण आईचा हात चुकला होता, असे म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही.

मी अटलांटाला राहायला येऊन अकरा वर्षे झाली. बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच इकडे आली होती आणि दोन आठवडे आमच्या घरामागचे पाइन वृक्ष बघून झाल्यावर तिने एका संध्याकाळी विचारले, “इथे समुद्र नाही का गं?” समुद्र होता, पण सहा तासांच्या अंतरावर. मी मुद्दाम कंबरलंड बेट निवडले. जॉर्जियाच्या किनाऱ्यावर अशी लांबट, वाळूची बेटे एकामागे एक पसरलेली आहेत. समुद्राच्या लाटा आणि वादळे ती आपल्या अंगावर घेतात आणि त्यांच्या आडोशाला, बेट आणि जमीन यांच्यामध्ये, मैलोगणती खाजण तयार होते. त्यांतल्या टायबी, जेकिल, सेंट सायमन्स आणि सी आयलंड या चार बेटांवर पूल गेले आणि पुलांवरून घरे, हॉटेले, गोल्फची मैदाने गेली. कंबरलंड त्यांच्यापेक्षा मोठे, जवळजवळ २८ किलोमीटर लांब, आणि तिथे अजूनही पूल नाही. सेंट मेरीज नावाच्या लहानशा गावातून बोटीने जावे लागते. आदल्या रात्री त्या गावात मुक्कामाला पोचल्यावर मी आईला सांगितले की बेटावर दुकान नाही, चहा मिळणार नाही, बिस्किटाचा पुडाही नाही. तिला त्याचे काहीच वाटले नाही. ती अटलांटाहून निघतानाच दशम्या घेऊन निघाली होती.

सकाळी नऊच्या बोटीआधी धक्क्यावर रेंजरने सगळ्यांना उभे करून सूचना दिल्या. उन्हाची, गोचिडांची, पिण्याच्या पाण्याची. वाळूच्या टेकड्यांवरच्या गवताला हात न लावण्याची. रिकामे शिंपले आणि शार्कचे दात सोडून काहीही उचलून न आणण्याची. आपण नेलेला प्रत्येक कागद, फळाची सालसुद्धा, आपल्याच पिशवीतून परत आणायची. बेटावर एका दिवसात साधारण तीनशे माणसांनीच जावे, अशी मर्यादा अनेक वर्षे पाळली गेली. परतीची शेवटची बोट पावणेपाचची. ती चुकली तर आपल्या खर्चाने दुसरी बोट बोलवायची. मी एकेक वाक्य आईला सांगत गेले. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे देवराई.” मला तेव्हा खूप आनंद झाला होता. माझ्या आजोळी देवराईतली वाळकी काटकीसुद्धा चुलीसाठी कोणी आणत नसे. आजीने एकदा माझ्या परकराला चिकटून आलेले एक पान परत नेऊन ठेवायला लावले होते. इथे रेंजरला दहा मिनिटे लागली ते आईने एका शब्दात घेतले, आणि आता दिवसभर काही समजावून सांगावे लागणार नाही, असे मी धरून चालले.

बोटीचा प्रवास पाऊण तासाचा. पाणी निळे नाही, आपल्या खाडीसारखे गढूळ तपकिरी. दोन्ही बाजूंना गवताचे सपाट, कोवळे हिरवे पट्टे आणि त्यांच्या बुडाशी ओहोटीने उघड्या पडलेल्या कालवांच्या रांगा. आई कठड्याला धरून उभी होती. वेसवीहून बागमांडल्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर ती जशी उभी राहते, तशीच: पदर कमरेला खोचून, वाऱ्याकडे तोंड करून. डावीकडे लांबवर किंग्ज बे इथला अणुपाणबुड्यांचा तळ दिसतो. मी तो तिला दाखवला, पण ती खाजणाचा वास घेत होती. कुजलेल्या गवताचा, चिखलाचा, मीठ आणि शिंपल्यांचा तो वास लोकांना नकोसा होतो. ती म्हणाली, “भरती येईल आता तासाभरात.” आली नाही, तिथले वेळापत्रक वेगळे निघाले. पण दुसऱ्या महासागरावर उभे राहून तिने इतक्या सहज अंदाज बांधला, हे मला आवडले.

धक्क्यावर उतरल्यावर ओकच्या सावलीतून चालत आपण डंजनेस नावाच्या वाड्याच्या अवशेषांपाशी पोचतो. अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटाचा भाऊ थॉमस आणि त्याची बायको लूसी यांनी १८८१ मध्ये इथली जमीन घेतली आणि १८८४ मध्ये बांधकाम सुरू केले. थॉमस दोनच वर्षांत वारला. लूसीने नऊ मुलांना घेऊन इथला संसार वाढवला, बेटाचा बराचसा भाग विकत घेतला, मुलांसाठी आणखी वाडे बांधले. डंजनेस १९५९ मध्ये जळाले आणि आता विटादगडांच्या नुसत्या भिंती, खिडक्यांच्या पोकळ्या आणि धुराडी उभी आहेत. आईला त्या भव्यतेचे फारसे काही वाटले नाही. ती थांबली ती जवळच्या एका लहान, जुन्या घरापाशी. त्याच्या भिंतीत कालवांचे अख्खे शिंपले दिसत होते. तिने तळवा टेकवला, नखाने थोडे खरवडल्यासारखे केले आणि म्हणाली, “हा शिंपल्यांचा चुना. भट्टीत भाजलेला.” बरोबरच होते. या किनाऱ्यावर शिंपले जाळून चुना करायचा, त्यात वाळू, पाणी आणि पुन्हा न जाळलेले शिंपले कालवून साच्यात ओतायचे, अशी पद्धत होती. तिला टॅबी म्हणतात. कोकणातल्या जुन्या घरांचा चुनाही असाच खाडीतून यायचा. एका क्षणात ती भिंत तिच्या ओळखीची झाली.

ते शिंपले कोणी गोळा केले, कोणी जाळले आणि कोणी कालवले, हे मात्र मला तिला सांगावे लागले. डंजनेस हे नाव कार्नेगींच्याही आधीचे आहे आणि त्या काळात या बेटावर कापसाचे मळे होते. मळ्यांवर गुलाम केलेली आफ्रिकी माणसे होती. १८१५ मध्ये ब्रिटिश आरमाराने बेट ताब्यात घेतले तेव्हा आजूबाजूच्या मळ्यांवरून हजाराहून अधिक माणसे इथे पोचली आणि ब्रिटिश जहाजांबरोबर मुक्त होऊन निघून गेली. नंतर पुन्हा मळे, पुन्हा गुलामी. बेटाच्या मध्यभागी त्यांच्या झोपड्यांच्या जागी आज फक्त चुलाण्यांची धुराडी रांगेने उभी आहेत. मागच्या खेपेला मी एकटी आले होते तेव्हा उत्तर टोकाचे लहानसे पांढरे लाकडी चर्च पाहिले होते. गुलामीतून सुटलेल्या कुटुंबांनी १८९३ मध्ये स्थापलेले ते चर्च आहे आणि आजची इमारत १९३७ ची आहे. आत दोनतीन पावलांतच बाके संपतात. लोक ते पाहायला येतात ते बहुधा १९९६ मध्ये तिथे एका केनेडीचे लग्न झाले म्हणून. मला मात्र तिथल्या ओबडधोबड फळ्यांवर हात फिरवताना ज्यांनी त्या ठोकल्या त्यांचीच आठवण येत राहिली होती.

तेव्हा हे बेट ‘जसेच्या तसे’ आहे, असे जे सगळे म्हणतात, ते मला पटत नाही. इथले जंगल तोडले गेले होते, जमीन नांगरली गेली होती, विहिरी, रस्ते, गोठे, तबेले झाले होते. १९६८ मध्ये चार्ल्स फ्रेझर या बिल्डरने कार्नेगींच्या वारसांकडून बेटाचा एक मोठा तुकडा विकत घेतला. शेजारच्या साउथ कॅरोलायनात हिल्टन हेड बेटावर त्याने घरे, हॉटेले आणि गोल्फची मैदाने उभी केली होती, तेच इथे करायचे त्याच्या मनात होते. विरोध झाला, कार्नेगींच्याच घरातले काही लोक उभे राहिले, निसर्गप्रेमी उभे राहिले, देणगीतून पैसे आले, १९७० मध्ये त्याची जमीन परत विकत घेतली गेली आणि २३ ऑक्टोबर १९७२ रोजी बेट राष्ट्रीय सागरकिनारा म्हणून राखीव झाले. एखाद्या जागी काही होऊ न देण्यासाठी किती माणसांना किती वर्षे झटावे लागते, हे मला इथे येईपर्यंत कळले नव्हते. देवराईचेही तसेच असणार. आपल्याला ती देवाच्या धाकाने आपोआप टिकल्यासारखी वाटते, पण प्रत्येक पिढीत कोणीतरी कुऱ्हाड घेऊन आलेल्याला अडवले असेलच.

आणि मग त्याच वाटेने पुढे, खाजणावर, तो घोडा.

घोडे इथे माणसांनीच आणले. मळ्यांसाठी, गाड्यांसाठी, शिकारीसाठी, मिरवण्यासाठी. माणसे गेली आणि घोडे राहिले. आज ते दीडशेच्या आसपास आहेत. त्यांना कोणी चारा घालत नाही, पाणी देत नाही, आजारी पडले तर औषधही नाही. ते खाजणातले गवत खातात, टेकड्यांवरचे गवत खातात, आणि ज्या गवताच्या मुळांनी वाळू धरून ठेवायची तेच विरळ होत जाते. म्हणजे बेटासाठी घोडे बरे नाहीत आणि घोड्यांसाठी बेट बरे नाही. तरी ते तिथे आहेत, कारण लोकांना ते हवे असतात. बोटीतून उतरलेला प्रत्येक जण पहिल्यांदा घोडा कुठे दिसेल हेच विचारतो आणि भग्न वाड्यापुढे चरणाऱ्या घोड्याचे छायाचित्र घेतो. मीही घेतले आहे. त्या छायाचित्रात बरगड्या दिसत नाहीत, हे मला घरी आल्यावर लक्षात आले.

टेकड्यांमधून वाट काढून आम्ही पुळणीवर आलो. ओहोटीची रुंद, कडक वाळू. दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत इमारत नाही, खांब नाही, छत्री नाही. आमच्या बोटीतली माणसे कुठे विरघळली कोण जाणे. फक्त वारा, आणि वाऱ्याने जमिनीलगत धावणाऱ्या वाळूचा पायांना होणारा चुरचुरीत स्पर्श. आई टेकडीच्या पायथ्याशी बसली. केळशीच्या वाळूच्या टेकडीखाली ती अशीच बसते, गुडघे दुमडून, वाळूत हात खुपसून. बराच वेळ गेल्यावर ती एकदम म्हणाली, “झाडाचं मला पटलं. गवताचं पटलं. झाड आपलं आपण आलं, त्याला आपण हात लावू नये. पण घोडा आपण होऊन पोहत आला का? त्याला कोणीतरी आणलं ना?”

मी तिला नियमामागचे कारण सांगितले. खायला मिळते असे कळले की घोडे माणसांच्या मागे लागतात, लाथा मारतात, चावतात, आणि एकाने दशमी दिली की दुसरा चिप्स देतो. तिने मान डोलावली. “ते खरं,” ती म्हणाली. “मी नाही देणार. पण ज्याने आणला त्याच्यावर काहीतरी आहे की नाही?” मी त्यावर काही बोलू शकले नाही. घोडे बेटावरून हलवावेत, त्यांची वाढ रोखावी, की जसे आहेत तसेच राहू द्यावेत, यावर इथे वर्षानुवर्षे वाद चालू आहे, प्रकरण न्यायालयातही गेले, आणि त्या सगळ्या वादाचे मूळ आईच्या त्या एका वाक्यात होते.

थोडे पुढे वाळूवर एक माग दिसला, पाण्याकडून टेकडीपर्यंत आणि परत पाण्याकडे, ट्रॅक्टरचे चाक फिरल्यासारखा. आईने तो माझ्याआधी ओळखला. लॉगरहेड कासवीण रात्री अंडी घालून गेली होती. जागेभोवती खुंट्या ठोकल्या होत्या आणि रानडुकरांनी, रॅकूननी अंडी उकरू नयेत म्हणून वर जाळी बसवली होती. कंबरलंडच्या उत्तरेला चिकटून असलेल्या लिटल कंबरलंडवर १९६४ पासून ही राखण चालू आहे. आमच्या शेजारच्या वेळासला २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने सुरुवात केली, आणि जिथे पूर्वी कासवांची अंडी खाल्ली आणि विकली जात, तिथलीच मुले आता पहाटे किनारा चालून घरटी शोधतात. आई जाळीपाशी वाकली आणि तिचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदाच सैल झाला. “कासवाला जाळी घालतात,” ती स्वतःशीच म्हणाली. पुढचे वाक्य तिने उच्चारले नाही, पण मला ते ऐकू आले.

खरे तर त्या मोकळ्या किनाऱ्यावर मला आनंदाइतकीच कसली तरी भीती वाटत होती. केळशीच्या आमच्या वाडीला गेल्या दोन वर्षांत तीन वेळा गिऱ्हाईक आले. समुद्र दिसतो, रस्ता होतो आहे, गुंठ्याला असा असा भाव. प्रत्येक वेळी मी अटलांटाहून फोनवर सांगते, “विकू नकोस, राहू दे तशीच.” ‘राहू दे तशीच’ म्हणायला मला काही पडत नाही. पावसाळ्याआधी कौले परतणे, पाटाचे पाणी वळवणे, माकडांना हाकणे, हे सगळे अडुसष्टाव्या वर्षी ती करते. तिथे एक रिसॉर्ट उभे राहू नये असे मला मनापासून वाटते, आजही वाटते. पण जपण्याचा निर्णय माझा आणि जपण्याचे कष्ट तिचे, हा हिशेब मी त्या टेकडीखाली पहिल्यांदा नीट मांडून पाहिला. वाडी राखली जात होती. आईला मात्र मी वाऱ्यावर सोडले होते का, हा प्रश्न मला तिथे, अक्षरशः वाऱ्यात बसून पडला, आणि तो मी तिला विचारला नाही.

दुपारी सी कँप या तंबू ठोकण्याच्या जागेच्या ओकवृक्षांखाली थांबलो. फांद्या इतक्या खाली येतात की जमिनीला कोपर टेकून पुन्हा वर जातात. त्यांवरून करड्या जटा लोंबत असतात. इथले लोक त्याला शेवाळ म्हणतात, पण ते अननसाच्या कुळातले झाड आहे. फांद्यांच्या पाठीवर एक नेचा वाळून, तपकिरी होऊन, मुठी आवळल्यासारखा बसलेला होता. मेला असेच वाटते. पाऊस पडला की काही तासांत तो उघडतो आणि हिरवा होतो. खालच्या ठेंगण्या ताडांची पाने वाऱ्याने एकमेकांवर घासत होती, वाळक्या झावळ्यांसारखी, आणि आईने डोळे मिटून घेतले होते. आम्ही दशम्या आणि लसणीची चटणी खाल्ली. अर्धा मोडलेला तुकडा तिने तसाच बाजूला ठेवला.

परतीच्या बोटीत तिने मला निसर्ग वादळाची गोष्ट सांगितली. ३ जून २०२० ची. मला वाटत होते की ती मला सगळी माहीत आहे: नारळ-पोफळी आडव्या झाल्या, किनाऱ्यावरचे सुरू मुळासकट उपटले गेले, दोन महिने वीज नव्हती. पण गायीचे तिने कधी सांगितले नव्हते. सकाळी वारा वाढायला लागला तेव्हा तिने गोठ्यात जाऊन तांबूचे दावे सोडले. बांधलेली राहिली तर छपराखाली मरेल, सुटी असली तर आपली आपण बघेल. गाय दारातून जाईना. तिला ढकलून बाहेर काढावे लागले. दुपारी फणस गोठ्यावर पडला. “दावं सोडलं ते बरंच झालं,” आई म्हणाली. “पण दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आंबोणाची बादली घेऊन मी तिला शोधायला निघालेच ना. पडलेल्या झाडांवरून, सांभाळून. खाडीपर्यंत गेले. तिथे उभी होती, पाठ वाऱ्याकडे करून.” मग तिने पिशवी मांडीवर घेतली आणि बेट लहान होत जाईपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिली.

घरी पोचायला मध्यरात्र झाली. सकाळी उठले तेव्हा दशम्यांचे फडके धुऊन ओट्याच्या कडेला वाळत घातलेले होते. तुकड्याचे काय केलेस, हे मी विचारले नाही.

परवा तिचा फोन आला. सप्टेंबर हा इकडे वादळांचा महिना, आणि तिने बातम्यांत फ्लोरिडाचे नाव ऐकले होते. आम्ही किनाऱ्यापासून लांब आहोत, आम्हाला काही नाही, असे मी सांगितले. ती म्हणाली, “तुमचं नाही विचारत. वादळात त्या बेटावर कोण असतं?” मी म्हटले, माणसांना आधीच हलवतात, बोटी बंद होतात.

“आणि घोडे?”

“ते तिथेच असतात. पण त्यांना कोणी बांधलेलं नाही, आई.”

“हो, तेवढं बरं आहे,” ती म्हणाली. पलीकडे पागोळ्यांचा आवाज येत होता. जरा वेळाने तिने विचारले, “समुद्र आत आला की डबक्यांतलं पाणी खारं होतं. मग पितात काय ते?”

मी तिला सांगितले की बेटाच्या उत्तर भागात गोड्या पाण्याचे एक मोठे तळे आहे.

“आपण बघितला तो घोडा होता तिथून लांब आहे का?”

“लांब आहे,” मी म्हटले.